चेरीला ताण

पहिलं झाड मेलं ते मी अण्णांना सांगितलंच नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे, सगळी भगवा वाणाची. तेल्या रोगानं एकदा अख्खी बाग उपटून टाकायची वेळ आली, तरी दोन वर्षांनी त्यांनी परत लावली. अशा माणसाला फोनवर कसं सांगणार, की दुकानातून आणलेलं एकुलतं एक झाड तुमच्या लेकीनं एका हिवाळ्यात घालवलं?

आम्ही कॅनडात सास्काटूनला राहतो. २०१८ साली घर घेतलं, मागं चार वाफे होतील एवढं अंगण मिळालं आणि त्याच आठवड्यात एका मोठ्या दुकानातून मी चेरीचं झाड उचललं. कुंडीला अडकवलेल्या चिठ्ठीवर काळ्याशार, टपोऱ्या, गोड चेरींचा फोटो. खाली बारीक अक्षरात ‘झोन ५’. ते मी वाचलं होतं, कळलं नव्हतं. झोनचा आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त, आणि आमचं गाव तिसऱ्या झोनमधलं. इथं पारा अधूनमधून उणे चाळीसपर्यंत उतरतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं तेव्हा झाड उभंच होतं, पण नुसती काठी. मे सरत आला तरी एक डोळा, म्हणजे अंकुर, फुटला नाही.

शेजारच्या आजी कुंपणापलीकडून हे सगळं बघत होत्या. त्यांचे आईवडील युक्रेनमधून इथं आलेले. या भागात अशी घरं पुष्कळ. त्या म्हणाल्या, इथं चेरीचं झाड लावायचं नसतं, झुडूप लावायचं. आणि गोड नाही, आंबट. त्यांच्या आईच्या भाषेत आंबट चेरी म्हणजे ‘विशन्या’ आणि गोड चेरी म्हणजे ‘चेरेश्न्या’. एकाच फळाचे दोन प्रकार नव्हेत, दोन वेगळी फळंच, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. आपण तरी कुठं लिंबाला आंबट मोसंबं म्हणतो?

लहानपणी मला चेरी म्हणजे आइस्क्रीमवरची लाल गोळी एवढंच ठाऊक होतं. ती बहुतेक वेळा चेरी नसतेच, पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं, हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं. तेव्हा चेरीच्या बाबतीत माझी फसगत तशी जुनीच.

आजींनी सांगितलेलं झुडूप याच गावात जन्मलेलं निघालं. लेस कर नावाच्या माणसानं इथल्या सदरलंडच्या वनरोपवाटिकेत १९४०च्या दशकात युरोपातल्या आंबट चेरीचा आणि मंगोलियन म्हणतात त्या बुटक्या, काटक चेरीचा संकर करायला सुरुवात केली. पुढं सास्काचेवान विद्यापीठानं ते काम हातात घेतलं आणि १९९९ मध्ये ‘कार्मिन ज्युवेल’ हे वाण बाहेर काढलं. त्यानंतर रोमिओ, ज्युलिएट, क्युपिड, व्हॅलेंटाइन आणि क्रिमझन पॅशन अशी पाच आली. नावं ऐकून लग्नपत्रिका छापायला घ्यावी असं वाटतं, पण झुडपं मात्र दणकट. ती रोपवाटिका जिथं होती तिथं आता बाग आणि प्राणिसंग्रहालय आहे. मुलाला अस्वल दाखवायला आम्ही तिथं कितीदा गेलो होतो आणि आपल्या अंगणातलं फळ इथलंच आहे याचा पत्ताच नव्हता.

२०१९च्या मे महिन्यात दोन रोपं आणली. एक कार्मिन ज्युवेल, एक ज्युलिएट. खरं तर एक असतं तरी चाललं असतं, या चेरींना फळ धरायला दुसऱ्या वाणाची गरज नसते. पण एकटं रोप लावायला मन होईना. खणण्याआधी फोन करून गॅसच्या आणि विजेच्या लायनी आखून घ्याव्या लागतात, ते केलं. वीतभर काळी माती लागली आणि खाली चिकट, जड चिकणमाती, ओली असली की कुदळीला चिकटून बसणारी. दोन रोपांत दोन मीटर अंतर ठेवलं. रोपं पेन्सिलीएवढी. या वेळी मात्र अण्णांना फोटो पाठवला. त्यांचा पहिला प्रश्न: “कलम हाय का रोप?”

“टिश्यूकल्चर आहे अण्णा. स्वतःच्याच मुळावर.”

“मग बरं. डाळिंबासारखंच की. वर मेलं तरी खालनं फुटंल.”

हे वाक्य पुढं अक्षरशः खरं झालं, पण तेव्हा मी ते ‘हो हो’ करून सोडून दिलं.

मग मी लाड सुरू केले. दुसरा शब्द नाही. इथं जूनमध्ये रात्री साडेनऊला सूर्य मावळतो. जेवणं झाली की नळी घेऊन मी अंगणात. आळं करून पाणी, शेणखताच्या पिशव्या, वर गवतासाठी आणलेलं नत्राचं खत, थोडं थोडं, दर पंधरा दिवसांनी, ऑगस्टच्या शेवटापर्यंत. २०२०च्या उन्हाळ्यात तर घरीच बसून होतो, मग काय. झुडपं अशी फोफावली की आजीसुद्धा बघायला आल्या. सप्टेंबरात त्यांच्या झुडपांची पानं केशरी व्हायला लागली होती आणि माझी हिरवीगार, शेंड्याला अजून कोवळी तांबूस फूट. मला कोण अभिमान! आजी काही बोलल्या नाहीत. ओठ मुडपून घरात गेल्या.

२०२१च्या फेब्रुवारीत थंडीची लाट आली. पुढं मेच्या दुसऱ्या आठवड्यात आजींच्या झुडपांवर डोळे फुगले, माझी निपचित. नीट बघितलं तर जमिनीपासून गुडघ्याएवढं खोड तांबूस, तुकतुकीत, आणि त्याच्या वरचा सगळा भाग काळपट, सुरकुतलेला. जणू कुणी पट्टी लावून रेघ मारली होती. त्या रेघेपर्यंत हिवाळाभर बर्फ साचलेलं होतं. बर्फानं झाकलेलं जगलं, वरचं मेलं. बर्फाची गोधडी होते हे नुसतं ऐकून होते, तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

व्हिडिओ कॉल लावला. तिकडं रात्र झाली होती, अण्णा बाजेवर. म्हणाले, “काडी नखानं खरवडून बग.” वर खरवडलं, आत तपकिरी, कोरडं. खाली खरवडलं, हिरवं ओलं. मग त्यांनी चौकशी सुरू केली, डॉक्टर करतो तशी. पाणी कधीपर्यंत दिलं? खत कुठलं? शेवटचं कधी? मी सांगत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

“आगं, ताण कुठाय?”

डाळिंबाच्या घरात जन्म काढला आणि मला हे सुचलं नव्हतं. बहार धरायच्या आधी अण्णा बागेचं पाणी महिना-दीड महिना तोडतात. लहानपणी मला ते दुष्टपणाचं वाटायचं. विहिरीत पाणी आहे, झाडं माना टाकतायत, पानं पिवळी पडून गळतायत आणि हे बांधावर निवांत तंबाखू मळत बसलेत. पण त्या ताणात झाड वाढ थांबवतं, काडी पिकते म्हणजे टणक होते, मग पाणी सोडलं की कळी निघते. चेरीला ताण कळीसाठी नसतो, पण काडी पिकायला हवी हे तसंच. जुलै उजाडल्यावर नत्र द्यायचं नाही आणि ऑगस्टपासून पाणी कमी करत न्यायचं, म्हणजे झुडपाला कळतं की आता आवरायची वेळ झाली. मी त्याला सप्टेंबरपर्यंत जेवू घालत होते. कोवळी, पाण्यानं फुगलेली काडी तशीच उणे चाळीसला सामोरी गेली.

“लै लाड केलेलं पोरगं परदेशात टिकत न्हाई,” अण्णा म्हणाले आणि माझ्याकडं बघून हसले. मी आहे की टिकून, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

मेलेलं सगळं हिरव्या भागापर्यंत कापलं. जूनमध्ये बुडातून नवे धुमारे आले, डझनभर. डाळिंबाला आपण तीन-चार खोडं ठेवतो, तसं मी प्रत्येकी पाच ठेवून बाकीचे काढले. त्या साली उन्हाळा भयंकर कडक आणि कोरडा गेला, वणव्यांचा धूर गावावर. तेव्हा पाणी तोडायला धीर लागला. जुलैत आठवड्यातून एकदा भरपूर दिलं, ऑगस्टच्या मध्यापासून नळी गुंडाळून गॅरेजात. पानं जमिनीवर पडून गेल्यावर, जमीन गोठायच्या आधी, एकदा मुळाशी खोल पाणी दिलं. हे आजींनी सांगितलं होतं. गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून जाताना शिदोरी. त्या सप्टेंबरात माझीही झुडपं केशरी झाली.

किडीचं प्रकरण याच्याही आधीचं. पेअर स्लग म्हणतात, नावात गोगलगाय असली तरी ती एका माशीची अळी आहे. बोटाच्या पेराएवढीही नाही, काळपट हिरवी, चिकट, डोक्याकडं फुगीर. पान उलटून शोधत बसाल तर सापडायची नाही, ती पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसते, पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी. पानाचा हिरवा भाग खरवडून खाते आणि शिरांची जाळी तेवढी शिल्लक ठेवते. ज्युलिएटची निम्मी पानं जाळीदार होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. औषध फवारायचा विचार होता, पण चुलीवरच्या राखेची आठवण झाली. आई वांग्यांवर आणि घेवड्यावर राख भुरभुरायची. आजींच्या घरात लाकडाची शेगडी, डबाभर राख मिळाली. चाळून, सकाळी दव असताना पानांवर टाकली. चिकट अंगाला राख बसली की ती वाळते आणि गळून पडते. नळीच्या जोरदार पाण्यानंही पडते, पण राखेत मला जास्त समाधान वाटतं हे कबूल करते. जुलैत एक खेप येते आणि ऑगस्टच्या शेवटाला दुसरी, त्यामुळं डबा दोनदा काढायचा.

सशांनी तर हसावं की रडावं असं केलं. इथले ससे हिवाळ्यात पांढरे होतात, मांजरापेक्षा मोठे, भर रस्त्यातून उड्या मारत जातात. भूक लागली की कोवळ्या खोडांची साल खातात. मी शहाणपणानं झुडपांभोवती कमरेएवढी तारेची जाळी लावली होती. २०२२च्या डिसेंबरात अंगणात एवढं बर्फ साचलं की जाळीचा जेमतेम वीतभर काठ वर राहिला. ससे त्या बर्फावर आरामात बसून, जेवणाच्या टेबलाशी बसल्यासारखे, वरच्या फांद्या खात होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ताटल्या वाजवल्या, एकानं फक्त कान हलवला. तेव्हापासून जाळीची उंची जमिनीपासून मोजत नाही, बर्फापासून मोजते.

फुलं २०२२लाच थोडी आली होती, पण खरी बहार २०२३ची. मेच्या शेवटच्या आठवड्यात झुडपं पांढरी फट्ट. एका रात्री पारा शून्याखाली जाणार म्हणून रेडिओवर सांगितलं. उमललेल्या फुलाला उणे दोन-तीनही सोसत नाही. ज्या झुडपाची काडी उणे चाळीस सोसते त्याचं फूल इतकं नाजूक. घरातल्या सगळ्या चादरी आणि आईनं दिलेली जुन्या लुगड्यांची गोधडी असं सगळं पांघरून ठेवलं. सकाळी शेजारच्या घरातला मुलगा शाळेत जाताना थांबून बघत होता, एक झुडूप नऊवारी नेसल्यासारखं.

सेटिंग, म्हणजे फळधारणा, छान झालं. अण्णांना सांगितलं की फूल ते फळ साधारण दोन महिने, तर त्यांना खरं वाटेना. भगव्याला सहा महिने लागतात.

आणि मग मी घाई केली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फळं लालभडक, चकचकीत, चित्रातल्यासारखी. वाडगाभर तोडली, मुलाला हाक मारली. त्यानं एक तोंडात टाकली आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला. मी खाल्ली. चिंचेचा कोळ परवडला. आजींना दाखवायला गेले तर त्या एवढ्या हसल्या की खुर्चीत बसल्या. कार्मिन ज्युवेल लाल झाली म्हणजे पिकली नव्हे. आणखी दोन आठवडे थांबायचं, लालाची किरमिजी होते, मग जांभळट, शेवटी जवळजवळ काळी. हलक्या हातानं ओढलं की देठ झाडावर राहून फळ हातात येतं, आणि बोटांना जो रस लागतो तो थेट लाल शाईसारखा. तेव्हा ती गोड लागते, म्हणजे आंबटगोड, पिकल्या करवंदाच्या अंगानं जाणारी. आधी तोडलेलं फळ घरात ठेवून पिकत नाही, आंब्यासारखी अढी घालून उपयोग नाही.

ते दोन आठवडे राखण करणं हेच खरं काम. रॉबिन एकेक खातो. वॅक्सविंग थव्यानं येतात, डोळ्यावर काळी पट्टी बांधलेले, अगदी दरोडेखोर. बारीक छिद्रांची जाळी टाकून बुडाशी बांधून घेतली. मोठ्या छिद्रांच्या जाळीत पक्ष्यांचे पाय अडकतात, ते एकदा आजींच्या अंगणात सोडवलं होतं, परत नको.

२०२३ला अडीच किलो, २०२४ला दोन्ही मिळून साडेसहा. बिया काढायला मी आधी यंत्र आणलं, ते रस भिंतीवर उडवायचं. आता केसांची आकड्याची पिन वापरते: देठाच्या भोकातून आत, अर्धा वळसा, बी बाहेर. जुना टीशर्ट घालून बसायचं. नवऱ्याचा ऑफिसचा एक पांढरा शर्ट या कामात गेला आणि त्याचा खुलासा मला अजून देता आलेला नाही. बी मिक्सरमध्ये जाऊ द्यायची नाही, चेरीच्या बीतल्या गरातून सायनाइड सुटतं. एखादी गिळली तर बिघडत नाही, भरडायची मात्र नाही.

आजी त्यांच्या वरेनिकी करतात. मैद्याच्या पातळ पारीत दोन-तीन चेरी आणि साखर, कडा मुरडून उकळत्या पाण्यात. पहिल्यांदा केल्या तेव्हा मी न सांगता कडांना करंजीसारखी मुरड घातली आणि त्यांनी माझ्याकडून उरलेल्या सगळ्या वळून घेतल्या. मी त्यांना सार करून दिलं. चेरीचा रस, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, किंचित गूळ, वर तुपाची फोडणी. कोकमाच्या सारापेक्षा रंग गडद येतो आणि आंबटपणा जरा गोलसर. नारळाचं दूध घालूनही बघितलं. रंग असा भडक गुलाबी आला की प्यायला धजावेना कुणी, पण चव बरी होती. मुरांबा होतो. लोणचं केलं ते फसलं, मोहरीपुढं चेरी काही बोलेनाच.

अण्णा-आई २०२४च्या जुलैत आले होते. विमानतळावरून घरी आल्यावर चहाच्याही आधी अण्णा मागच्या दारानं अंगणात गेले. झुडपांभोवती दोन फेऱ्या मारल्या, बुडाशी बसून माती चिमटीत घेतली, पान उलटंपालटं केलं. मग एक काळी चेरी तोडून खाल्ली. बराच वेळ बी गालात घोळवत होते.

“हे सांगोल्यात येईल?” आईनं विचारलं.

मी म्हटलं, हिला हजारेक तास थंडी लागते, ती मिळाली नाही तर डोळे नीट फुटतच नाहीत. आई म्हणाली, मग नको, आम्हाला येते तेवढी थंडी पुरे.

अण्णांचं लक्ष नव्हतं. कार्मिन ज्युवेलच्या मध्यभागी एक जाड फांदी होती, २०२१ला मी ठेवलेल्या पाचांतली सगळ्यात जोमदार. ती आत वळून बाकीच्यांवर सावली धरत होती. मला ती काढवत नव्हती. कारण तिच्यावरच सगळ्यात जास्त फळ होतं. “ही जायला पायजे,” अण्णा म्हणाले. मी लगेच कात्री आणायला निघाले तर म्हणाले, “आत्ता नगं. झोपंत असताना.”

मार्चच्या शेवटी, डोळे फुगायच्या आधी, गुडघाभर बर्फात उभी राहून मी फोन कुंपणाच्या खांबाला टेकवून लावला. हातात करवत. गोल, जाड डोळे फुलांचे आणि टोकदार, बारीक ते पानांचे, एवढं आता ओळखता येतं, आणि त्या फांदीवर गोल डोळे इतके होते की मी उगाच मोजायला लागले.

“मोजत काय बसलीस?” फोनमधून आवाज आला. “खालनं काप. आणखी खाली. सोट ठेवू नगं.”

करवत लावली.

“ती न्हवं, तिच्या मागची!”

“अण्णा, तुम्हीच म्हणाला होता ही.”

तिकडं जरा शांतता. मग आईचा आवाज: “अहो, चष्मा लावा की.”

चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली. माझी बोटं गारठून गेली होती, हातमोज्यातून करवतीचा दांडा जाणवेना. फोनची बॅटरी थंडीनं भराभर उतरत होती. अण्णा परत आले, स्क्रीनवर नुसतं त्यांचं कपाळ आणि चष्म्याची काच.

“हां,” म्हणाले, “तीच. काप.”